पिवळी रेघ

सिद्धार्थच्या खिशाला दोन पेनं असायची. एक सहीचं, आणि एक पिवळ्या रंगाचं, जाड टोकाचं. मोटारीच्या कारखान्यात तो क्वालिटीला होता. तिथे नट घट्ट आवळला की नटावरून बोल्टपर्यंत एक सलग रेघ मारतात. नट नंतर जरा जरी फिरला तरी रेघ तुटलेली दिसते आणि कुणीतरी हात लावलाय हे कळतं. कारखान्यात ही फार शहाणपणाची पद्धत आहे. आमच्या घरात मात्र तिने उच्छाद मांडला होता.

लग्न करून चेन्नईला, अण्णा नगरातल्या त्या वरच्या मजल्यावर आले, तेव्हा त्याने पहिली रेघ गॅसच्या रेग्युलेटरवर मारली. सुरक्षेसाठी, म्हणाला. मी इतकी खुळी की सांगलीला फोन करून आईला कौतुकाने सांगितलं. मग रेघ आली लोणच्याच्या बरणीवर, मागच्या दाराच्या कडीवर, माझ्या बॅगेच्या चेनवर. खलबत्त्यात बत्ता उभा ठेवून त्याच्यापासून खलाच्या काठापर्यंत एक रेघ, कारण माझ्या कुटण्याचा खाली घरमालकांना त्रास होतो म्हणे. घरमालकीणबाईंना विचारलं तर त्यांना कधी आवाजच आला नव्हता. संध्याकाळी कंपनीच्या बसमधून उतरून घरी आला की बूट काढायच्या आधी तो घरभर फिरून रेघा तपासायचा. एखादी तुटलेली दिसली की मला हाक मारायचा, आणि हाक अगदी गोड असायची.

मारताना तो ओरडत नसे. तोंडात नॅपकिन कोंबायचा आणि मग हात चालवायचा. तोंड दाबून बुक्क्यांचा मार ही म्हण मी शाळेत वाक्यात वापरली होती, ती अशी अंगावर वापरली जाईल असं वाटलं नव्हतं. बॅगेची चेन उघडी सापडली त्या दिवशी त्याने माझ्या डाव्या हाताची बोटं दाराच्या फटीत धरली आणि दार लावलं. डाव्याच हाताची, कारण उजव्याने स्वयंपाक व्हायचा होता. दुसऱ्या दिवशी जिन्यात भेटलेल्या घरमालकांना त्याने वाकून नमस्कार केला.

घरमालक राघोत्तमराव आणि त्यांची बायको त्रिपुरसुंदरी मूळचे तंजावरचे मराठी. त्यांची मराठी जुन्या पोथीतून उठून आल्यासारखी, मध्येमध्ये तमिळ शब्द आणि चालही तमिळच. महाराष्ट्रातलं जोडपं मिळालं म्हणून त्यांनी आम्हाला हौसेने घर दिलं होतं. सिद्धार्थवर तर बाईंचा जीव. माझ्या बोटांना पट्टी बघून त्या म्हणाल्या होत्या, "जपावं गे. तो किती बरा अहे, बोलणं किती मऊ." मी काय सांगणार? गोगलगाय आणि पोटात पाय. ते पाय फक्त मलाच दिसत होते.

माझ्या हातात एकच गोष्ट होती, ती म्हणजे काम. चेन्नईत परदेशी पुस्तकांची पानं लावून देणाऱ्या कंपन्या आहेत, त्यातली एक घरी बसून करायला काम द्यायची. त्या वर्षी माझ्याकडे हाडांच्या डॉक्टरांसाठी लिहिलेलं एक जाडजूड पुस्तक होतं. मजकूर आणि चित्रं यायची, ती मी पानात बसवायची आणि तयार प्रकरण इंटरनेटवरून परत पाठवायचं. चित्रांमुळे फाईल चांगली भरभक्कम व्हायची. घरबसल्या हातखर्चापुरतं कमावते, म्हणून सिद्धार्थने ते चालू दिलं होतं.

मग माझी सुपरवायझर कामाक्षी हिने फोनवर सांगितलं की हे पुस्तक वेळेवर संपलं तर ती मला गिंडीच्या ऑफिसात घेईल. बाहेरगावच्या मुलींसाठी कंपनीचं हॉस्टेल होतं, त्यात खोली मिळणार होती. फोन ठेवल्यावर मला श्वास पुरेना. हॉस्टेलची खोली म्हणजे काय हे ज्याला त्याला कळणार नाही. आतून लावता येणारी कडी, आणि त्या कडीवर कुणाची रेघ नाही. मी सिद्धार्थला फक्त ऑफिसचं सांगितलं, हॉस्टेलचं नाही. त्याने चहाचा कप खाली ठेवला, "छान," म्हणाला आणि पेपर वाचायला लागला. त्या दिवशी त्याने मला मारलं नाही, तेव्हाच माझ्या लक्षात यायला हवं होतं.

त्याच आठवड्यात आमचं इंटरनेट मेलं. मेलं म्हणजे बंद पडलं असतं तर बरं होतं. ते चालू होतं आणि रांगत होतं. पडद्याच्या कोपऱ्यातली दोन छोट्या कॉम्प्युटरची चित्रं लुकलुकत होती, वायर जोडलेली आहे असं सांगत होती, आणि अर्ध्या तासात जाणारी फाईल दिवसभर जायची नाही. मध्येच तुटायची. मी मशीन बंद करून चालू केलं, व्हायरस शोधला, दुसरे सगळे प्रोग्रॅम बंद केले. दोन प्रकरणं उशिरा गेली. कामाक्षी म्हणाली, आणखी एक उशिरा आलं तर पुस्तक मी दुसऱ्या कुणाला देईन, ऑफिसचंही मग विसर.

सिद्धार्थला माझी फार दया आली. त्याने स्वतः फोन करून रविवारी केबलवाल्याच्या माणसाला बोलावलं.

सुब्बा नावाचा तो माणूस आमच्या गल्लीतल्या सगळ्या घरांना इंटरनेटची वायर द्यायचा. जिन्याखाली त्याची पेटी होती, तिथून एक वायर घरमालकांकडे आणि एक आमच्याकडे वर. त्याने वायरीच्या दोन्ही टोकांना टेस्टर लावला. आठ बारीक तारांचे आठ दिवे ओळीने पेटले. वायर ठीक आहे, सार, तो तमिळ आणि इंग्रजीत म्हणाला, तुमच्या सिस्टममध्येच काहीतरी असेल.

सिद्धार्थने त्याला विचारलं, म्हणजे मी खोटं बोलतो का? अगदी हळू विचारलं. सुब्बाला वाटलं, साहेब खरंच विचारतायत. तो समजावून सांगायला लागला आणि त्याच्या तोंडावर पहिला ठोसा बसला. मग सिद्धार्थने त्याचं डोकं धरून खिडकीच्या गजांवर आपटलं, एकदा नव्हे. गज वाजत होते. मी मध्ये पडले तर कोपराने मला बाजूला उडवलं. शेवटी त्याने सुब्बाला जिन्यावरून ढकललं आणि तो खालपर्यंत गडगडत गेला. राघोत्तमराव बाहेर आले, तेव्हा सिद्धार्थ वरून हात जोडून म्हणत होता, माफ करा अप्पा, बायकोचं काम अडलंय हो, तिचे हाल मला बघवत नाहीत.

जिन्यावर सुब्बाचा एक दात पडला होता. तो मी उचलला. त्रिपुरसुंदरीबाई त्याच्या कपाळाला हळद लावत होत्या, त्यांनी माझ्याकडे वर बघितलं आणि या खेपेला सिद्धार्थच्या मऊ बोलण्याबद्दल काही म्हणाल्या नाहीत.

सोमवारी सिद्धार्थची बस गेल्यावर मी कामाला लागले. इलेक्ट्रॉनिक्स घेऊन बी.एस्सी. झाले होते मी, पण त्या घरात राहून मला काही येतं हेच विसरले होते. बिघाड शोधायची साधी रीत असते. सगळं एकदम बघायचं नाही. मधोमध तोडायचं, कुठला अर्धा भाग चांगला आहे ते ठरवायचं आणि उरलेल्यात शिरायचं.

बाईंचा मुलगा कार्तिकेय अमेरिकेत होता. त्याच्याशी बोलायला त्यांनी कॉम्प्युटर घेतला होता. त्यावर बघितलं तर नेट घोड्यासारखं धावत होतं. म्हणजे जिन्याखालची पेटी चांगली. मग मी वर येऊन आमच्या कॉम्प्युटरच्या कॅबिनेटच्या सगळ्या वायरी काढल्या. इंटरनेटच्या प्लगवरही पिवळी रेघ होतीच, प्लगपासून कॅबिनेटच्या पत्र्यापर्यंत. पण तो प्लग एकाच जागी बसतो, परत लावला की रेघ जुळते. कॅबिनेट कडेवर घेतलं आणि बरगडीतली कळ सोसत जिना उतरले. बाईंच्या मॉनिटरला आणि त्यांच्या वायरीला ते जोडलं. माझी अडकलेली फाईल चहा होईपर्यंत निघून गेली.

पेटी चांगली आणि मशीनही चांगलं. मग राहिली ती फक्त वर जाणारी वायर.

वायर गॅलरीच्या खिडकीतून आत यायची आणि भिंतीच्या कडेने टेबलापर्यंत जायची. मध्ये लोखंडी कपाट होतं, त्याच्यामागे ती दिसत नव्हती. मी कपाटाला पाठ लावली, पाय भिंतीला रोवले आणि रेटलं. वीतभर फट झाली.

कपाटामागे वायर कापलेली होती. वरचं आवरण हातभर सोलून आतल्या तारांचे पीळ उकलले होते. तारा तोडून नुसत्या एकमेकींना गुंडाळल्या होत्या आणि वर काळी टेप लावली होती. बिघाड करायचा होता तरी टेप किती नीट, एक सुरकुती नाही. टेस्टर तरी काय करणार बिचारा? करंट पोचला की नाही एवढंच तो विचारतो, किती ठेचा खात पोचला ते विचारत नाही. आणि काळ्या टेपवरून राखाडी वायरीवर, सलग, स्वच्छ, एक पिवळी रेघ.

त्याला राहवलं नव्हतं. स्वतःच्या हाताने केलेली चोरीसुद्धा त्याने पास करून ठेवली होती.

मी तिथेच भिंतीला टेकून बसले. मला रडू आलं नाही. मला सुब्बाचा दात आठवला आणि संताप आला. चोराच्या उलट्या बोंबा ऐकल्या होत्या, पण चोराने बोंब मारून वर साक्षीदाराचे दात पाडावेत? आजवर मार खाताना मला नेहमी वाटायचं, माझंच काहीतरी चुकलं असेल, कुठली तरी बरणी, कुठली तरी कडी. त्या दिवशी पहिल्यांदा कळलं की मी सगळ्या रेघा शाबूत ठेवल्या असत्या तरी त्याने मारायला नवी रेघ ओढली असती.

कपाट परत जागेवर रेटलं आणि खाली जाऊन मी बाईंना सगळं सांगितलं. बोटांचं, नॅपकिनचं, कपाटामागचं. त्यांनी माझी डाव्या हाताची बोटं हातात घेऊन बघितली. मग म्हणाल्या, "मज आधीं कां नाही सांगितलंस?"

"तुम्ही म्हणत होता, बोलणं मऊ आहे."

त्या उठल्या आणि माझ्यासाठी कॉफी, त्यांची कापी, घेऊन आल्या. मी ती पीत असताना त्यांनी सुब्बाला फोन केला. सुब्बा वर यायला तयार नव्हता, आणि का यावं त्याने? पण बाईंच्या दारापर्यंत आला. सुजलेल्या तोंडाने त्याने मला दोन्हीकडे प्लग लावलेली लांब निळी वायर दिली. तिचं एक टोक जिन्याखालच्या पेटीत राहील आणि दुसरं गॅलरीतून वर येईल. त्याचा दात मी रुमालात बांधून ठेवला होता, तो परत दिला. त्याने तो खिशात घातला.

मग आमचा रोजचा खेळ सुरू झाला. सकाळी सिद्धार्थची बस गेली की बाई खालून वायर धरायच्या, मी ती दोरीने वर ओढायची. जुना प्लग काढायचा, निळ्या वायरीचा लावायचा. संध्याकाळच्या आत निळी वायर खाली सोडायची, जुना प्लग लावायचा, रेघ जुळवायची. कपाटामागची रेघ जशीच्या तशी. सिद्धार्थ घरी येऊन फेरी मारायचा आणि खूश असायचा. काम होत नाही वाटतं, असं विचारायचा आणि मी मान खाली घालायची. खांद्याचं प्रकरण गेलं, कोपराचं गेलं, मनगटाचं गेलं. मनगटाचं गेलं त्याच दिवशी भाजीत मीठ कमी म्हणून त्याने गरम उलथनं माझ्या दंडाला लावलं. मी नॅपकिनमध्ये दात रुतवून मनात पानं मोजत होते.

शेवटी एकच प्रकरण उरलं, गुडघ्याचं. शुक्रवारी ते पाठवलं की सोमवारी गिंडी. दुपारी मी फाईल पाठवायला लावली आणि पडद्यावरची पट्टी हळूहळू भरताना बघत बसले. पाऊण पट्टी भरली असेल, तेवढ्यात किल्लीचा आवाज आला. कारखान्यात सुटे भाग आले नव्हते, लाईन बंद पडली होती आणि बस सगळ्यांना लवकर सोडून गेली होती.

सिद्धार्थ दारात उभा राहिला. गॅलरीतून आत आलेली निळी वायर त्याने बघितली. ती बोटांनी उचलून, तिच्याबरोबर चालत तो माझ्यापर्यंत आला.

"ही कुणाची?" त्याने विचारलं आणि उत्तराची वाट न बघता हिसका दिला. प्लग निघून आला. त्याची प्लास्टिकची जीभ तुटून फरशीवर उडाली. पडद्यावरची पट्टी थांबली.

मग त्याने माझे केस धरून कपाळ टेबलाच्या कडेवर आपटलं. डोळ्यात रक्त उतरलं. निळ्या वायरीचे दोन वेढे माझ्या गळ्याभोवती घालून त्याने ती मुठीला गुंडाळली. वाटलं, आता आवळणार. पण नाही. आधी तपासणी. आणखी काय काय उघडलंयस ते बघू, असं म्हणत त्याने मला वायरीने ओढत घरभर फिरवलं. बॅगेची चेन बघितली. कपाट ओढून मागची रेघ बघितली, ती शाबूत बघून हसलासुद्धा. मागच्या दाराची कडी. दर ठिकाणी एक लाथ. मला श्वास येत नव्हता, जीभ बाहेर आली होती आणि मी गुडघ्यांवर रांगत त्याच्यामागे जात होते.

स्वयंपाकघरात त्याने गॅसचा रेग्युलेटर बघितला, मग खलबत्त्यापाशी वाकला. रेघ नीट दिसावी म्हणून अगदी जवळ वाकला, आणि त्यात मुठीतली वायर सैल सुटली.

"हे तरी शाबूत ठेवलंस," तो म्हणाला.

मी बत्ता उचलला.

हाडांच्या पुस्तकाची पानं मी उगाच लावली नव्हती. कोपराच्या मागे हाडावर मांस नसतं, कातडीखाली ते उघडंच असतं, चित्रासकट माहीत होतं मला. वायर धरलेल्या उजव्या हाताच्या कोपरावर मी बत्ता घातला. सुकी फांदी मोडावी तसा आवाज झाला. तो वळला आणि पहिल्यांदाच ओरडला. डाव्या हाताने त्याने माझा गळा धरायला घेतला, तोवर मी गुडघ्याच्या वाटीवर दुसरा घाव घातला होता. तो कोसळला. तिसरा घाव त्याच गुडघ्यावर घातला, आणि तो घालायची गरज नव्हती. मला घालायचा होता म्हणून घातला. चौथ्यासाठी बत्ता उचलला होता, डोक्यावर. पण डोकं हे माझं प्रकरण नव्हतं. माझी फाईल अडकली होती.

मी गळ्यातली वायर सोडवली आणि बाहेर टेबलापाशी फरशीवर बसून प्लग लावला. जीभ तुटलेला प्लग बसेना, सोडला की सुटायचा. बोटाने दाबून धरला तेव्हा पडद्यावरची पट्टी परत सरकायला लागली. म्हणजे फाईल जाईपर्यंत मला तिथेच, प्लग धरून बसावं लागणार होतं. आणि त्याचा डावा हात चांगला होता, आणि बत्ता त्याच्याजवळ पडला होता.

मी उठून आत गेले. बत्ता उचलला. त्याच्या खिशातलं पिवळं पेन काढलं. त्याचा डावा पंजा फरशीवर सपाट ठेवला आणि मनगटापासून फरशीपर्यंत एक सलग रेघ मारली.

"ही तुटलेली दिसली तर मी परत येईन," मी म्हणाले.

टेबलापासून स्वयंपाकघराचं दार सरळ दिसतं. उजव्या हाताने प्लग दाबून आणि डाव्या हातात बत्ता धरून मी बसले. कपाळातलं रक्त हनुवटीवरून मांडीवर ठिबकत होतं. मी पट्टीकडे बघायची, मग रेघेकडे. तोही रेघेकडेच बघत होता. घामाने निथळत होता, रडत होता, गुडघा धरायला त्याचा जीव तळमळत होता. पण तो हात त्याने हलवला नाही.

पट्टी भरली. थोड्या वेळाने कामाक्षीचं उत्तर आलं: मिळालं, सोमवारी ये. मी प्लग सोडला. बोट वाकडं झालं होतं, सरळ होईना.

दारात त्रिपुरसुंदरीबाई आल्या होत्या. "आज आवाज आला गे खालीं," त्या म्हणाल्या. मग त्यांना आतलं दिसलं. त्यांनी पदर तोंडाला लावला, पण माझ्याकडे यायला त्या डगमगल्या नाहीत. मी त्यांना अँब्युलन्स बोलवायला सांगितलं, आणि मग पोलिसांनाही. काय झालं ते मीच सांगेन, म्हटलं, तिसऱ्या घावासकट.

अँब्युलन्सची माणसं स्ट्रेचर घेऊन वर आली. त्यांनी त्याचा मोडलेला हात छातीवर बांधला, पायाला फळी लावली, आणि त्याला उचलता यावं म्हणून दुसरा हात वर घ्यायला सांगितलं. त्याने घेतला नाही. त्यांना वाटलं, याला तमिळ कळत नसेल, म्हणून त्यांनी खुणेने सांगितलं. हात उचलण्याआधी त्याने माझ्याकडे बघितलं.